प्रिस्किला सिस्टरचा रिकामा वर्ग

नवापूरकडून गुजरातच्या हद्दीला भिडलेल्या डोंगरांत जामणपाडा नावाचं गाव आहे, आणि त्या गावात प्रिस्किला गावित हे नाव कुणाला सांगून कळणार नाही. 'सिस्टर' म्हटलं की मात्र शेंबडं पोरही आरोग्य उपकेंद्राकडे बोट दाखवील. बाई ठेंगणी, अंगाने भरलेली, चालायला मात्र चपळ. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला लसींचा निळा डबा, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याने आपोआप सरळ बसावं.

या बोलण्याचं तिला फार कौतुक. तिच्या घरची बोली कोकणी, म्हणजे या डोंगरातली कोकणी, समुद्राकाठची नव्हे. बाप शेतकरी, रविवारी चर्चमध्ये ढोलकी वाजवणारा. लहानपणी तिला वसतिगृहात घातलं तेव्हा तिच्या तोंडून घरचा शब्द निघाला की इतर मुली फिदीफिदी हसायच्या. प्रिस्किलाने ते हसणं मनावर घेतलं आणि मराठी अशी घोटली, अशी घोटली की पुढे तहसील कचेरीतल्या एका कारकुनाने विचारलं, "मॅडम, तुम्ही पुण्याच्या का?" ही गोष्ट तिने नवऱ्याला सांगितली, आईला सांगितली, आणि चर्चमध्ये कुणाला सांगितली नसेल असं मानायला जागा नाही. नवरा नवनीत शांत माणूस. तो म्हणाला, "मग आता आम्ही तुझ्याशी बोलायचं कसं?" ती हसली होती.

गावात माध्यमिक शाळा आहे. तिचे मुख्याध्यापक हेमकांत पाटील मूळचे कोरीटचे, सपाटीवरचे. वर्गात मराठी आणि वैताग आला की अहिराणी, असा त्यांचा रिवाज. दरवर्षी दहावीत गेलेल्या मुलींपैकी काही दिवाळीनंतर दिसेनाशा व्हायच्या. कुणाचं लग्न झालेलं असायचं, कुणी आवडत्या मुलाच्या घरी राहायला गेलेली असायची आणि लग्न पुढे सवडीने व्हायचं होतं. पोट दिसायला लागलं की मुलगी लाजेने घरी बसायची, आणि घरी बसली की शाळा संपली. पाटील सरांना हे सलायचं. एक दिवस ते उपकेंद्राच्या ओट्यावर येऊन बसले.

"सिस्टर, पोरीसनी शाळा सुटाले नको. पोट ऱ्हावो नहीतं पोर ऱ्हावो. तुम्ही शनवारले येऊन त्यासले चार गोष्टी सांगा. बाकी मी दखी लेसू."

म्हणून जूनपासून शनिवारचा वर्ग सुरू झाला. शनिवारची शाळा सकाळची, ती सुटली की प्रयोगशाळेच्या खोलीत अशा पाच मुली थांबायच्या. एकीचं बाळ सहा महिन्यांचं होतं, त्याची झोळी खिडकीच्या गजाला बांधलेली. ते रडायला लागलं की जवळ बसलेली कोणीही पाय लांब करून झोळीला झोका द्यायची. सिस्टर लोहाच्या गोळ्यांचं सांगायची, गोळी चहाबरोबर नाही, लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यायची. बाळाला पहिलं चिकाचं दूध फेकायचं नाही हे सांगायची. दोन बाळांमध्ये अंतर कसं ठेवायचं हे सांगताना मुली माना खाली घालून एकमेकींना चिमटे काढायच्या. शेवटी असायची धोक्याची लक्षणं. ती पाठच करायची, कारण सिस्टरचा पाठांतरावर मोठा विश्वास. आणि सगळं शुद्ध मराठीत, कारण शाळा ती शाळा.

या वर्गात रंजिता होती. सतरा पुरे व्हायचे होते, सहावा महिना, आणि अंगात भलती मस्ती. ती सिस्टरची नक्कल करायची. डबा खांद्याला अडकवल्यासारखा एक खांदा खाली टाकून, घसा खाकरून म्हणायची, "तीव्र डोकेदुखी." मग सिस्टर थांबायची तेवढं थांबून, "दृष्टी अंधुक होणे." मुली लोळायच्या. सिस्टर रागावल्याचं सोंग करायची, पण खरं सांगायचं तर ती खूश व्हायची. ही पोरगी नर्स होईल, असं तिने सरांना सांगून ठेवलं होतं. सर म्हणाले, "हाई पोर शिकनी तं शाळानं नाव काढी."

ऑक्टोबरच्या एका शनिवारी रंजिताच्या पायावर सूज दिसली. सिस्टरने रक्तदाब मोजला. पुन्हा मोजला. मग तिला घेऊनच तिच्या सासरी गेली आणि सासू रेवाबाईला बजावलं की हिला नंदुरबारच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं, उद्याच न्यायचं. रेवाबाईने मान हलवली. तिच्या पोराला, लखनला, मात्र कुणीतरी आधीच घाबरवून ठेवलं होतं. मुलगी अठराच्या आतली असली की दवाखान्याला पोलिसांत कळवावं लागतं, हे खरंच होतं. त्यापुढे लोकांनी मीठमसाला लावला होता की नवऱ्याला तिथूनच बेड्या घालून नेतात. दुसऱ्या दिवशी सिस्टर गेली तर घराला कडी. शेजारणीने सांगितलं, माहेरी गेली. सिस्टरला ते पटलं. पटण्यासारखं होतं, आणि त्या आठवड्यात लसीकरणाचं काम डोक्यावर होतं.

पंधरवड्याने बातमी आली ती रंजिता गेल्याची. पोटातलं बाळही गेलं.

बाळंतपणाआधी गेलेली बाई परत येते, असं डोंगरात मानतात. तिला जाळत नाहीत, पुरतात, आणि पुरलेल्या जागेपासून घरापर्यंत वाटेवर राई पेरत येतात. परत यायला निघाली की ती एकेक दाणा वेचत बसते आणि वेचता वेचता उजाडतं. घर तिला गाठता येत नाही. रंजिताच्या वेळी म्हातारी माणसं बसली आणि वेगळाच विचार निघाला. पोरीचं मन घरात होतंच कुठे? ती येणार तर शाळेकडे येणार. म्हणून राई घराकडे टाकलीच नाही. तिला पुरलं त्या ओढ्याच्या काठापासून शाळेच्या फाटकापर्यंत टाकली.

पोरीवर एवढी माया कुणी जिवंतपणी बोलून दाखवली नसेल. पण त्या मायेने वर्ग मात्र बुडवला. राईची वाट पोटुशी बाईने ओलांडली की मेलेली तिच्या पोटाला लागते, हे सगळ्यांना ठाऊक. पुढच्या शनिवारी प्रयोगशाळेत एकही मुलगी आली नाही.

त्याच्या पुढच्याही शनिवारी नाही. शिपायाला सरांनी फाटकासमोर झाडायला सांगितलं तर तो म्हणाला, नोकरी गेली तरी चालेल. सरांनी मग जोर केला नाही. "आमना कोरीटले बी करतस असं," ते म्हणाले. "तठे राळा टाकतस. मी हसत नही सिस्टर, मन्ही सख्खी मावशी अशीच गयी." फाटकाजवळच्या नळाचं पाणी जिथे सांडायचं तिथे थंडीत राई उगवून आली, आणि बघता बघता तिला पिवळी फुलं धरली. प्रिस्किला ख्रिस्ती, रोज प्रार्थना म्हणणारी. भुताखेतांवर विश्वास ठेवणं पाप, हे तिला लहानपणापासून माहीत. ती फुलं ओलांडताना मात्र ती पाय जरा जास्त उचलायची.

वर्ग ती घ्यायचीच. म्हणजे वेळेवर यायची, तक्ता टांगायची आणि खुर्चीवर बसून राहायची. कुणी येईल, या आशेने. खिडकीच्या गजाला झोळीची दोरी तशीच लटकलेली होती. बाहेर भर दुपारचं ऊन, पटांगण ओसाड, आणि आत तिला घसा खाकरल्याचा आवाज यायचा. तिच्याच खाकरण्यासारखा, पण कोवळा. ती दाराकडे बघायची. मग म्हणायची, भास आहे. मग पुन्हा बघायची.

घरी भाकरी थापतानाही तसंच व्हायला लागलं. नवनीत एकदा म्हणाला, "कुणाला उत्तर देतेस?" ती म्हणाली, "कुणाला नाही." तव्यावरची भाकरी करपली होती, ती त्याने मुकाट्याने खाल्ली.

एका शनिवारी पाटील सर दारात येऊन उभे राहिले. तिला कळलंच नाही. ती तक्त्यावर हात ठेवून बोलत होती.

"सिस्टर," सर हळूच म्हणाले, "तुम्ही कोनले शिकाडी ऱ्हायन्यात? वर्गमा कोन शे?"

ती एकदम थांबली आणि रडायला लागली. रडत रडत जे बोलली ते एवढंच की सर, काजलचं काय करू?

काजल ही वर्गातली दुसरी मुलगी. रंजिताच्या बाकावर बसणारी, तिच्याच वयाची, तिला आता आठवा लागलेला. बुजरी, विचारल्याशिवाय तोंड न उघडणारी. तिचा नवरा गोकुळ गुजरातेत कामाला गेलेला, घरात सासू छबूबाई. सिस्टर दोनदा तिच्या दारी जाऊन आली होती. काजलच्याही पायावर सूज होती. छबूबाई तिला पुढे येऊ देत नव्हती, दाब मोजू देत नव्हती. वर म्हणाली होती की पिकाची राखण करायला शेतातल्या झोपडीत राहायला जाणार, काजललाही घेऊन. झोपडी डोंगराच्या पलीकडच्या उतारावर. तिथे गाडी जात नाही आणि मोबाईल लागत नाही.

रडून झाल्यावर तोंड धुऊन प्रिस्किला तिसऱ्यांदा छबूबाईकडे गेली. या वेळी छबूबाईने दारातच अडवलं.

इथून पुढचं बायकांचं बोलणं सगळं कोकणीत आहे, कारण त्यांना दुसरी भाषा येत नव्हती. आपण ते मराठीत ऐकू.

"माझी सून तुझ्या शाळेत येणार नाही," छबूबाई म्हणाली. "रेवाबाईला विचार जा, तू तिच्या सुनेला काय मंत्र शिकवलास ते."

"मंत्र?"

"मरताना दिवसभर तेच म्हणत होती. रेवाबाईला विचार."

रेवाबाईचं घर गावाच्या टोकाला. सिस्टर तिथे रंजिताच्या मयतानंतर गेलेली नव्हती. जायचं जायचं म्हणून टाळलेलं होतं. रेवाबाई अंगणात उडीद पाखडत होती. वयाने पन्नाशीच्या अलीकडची, पण त्या दोन महिन्यांत वाळून काटकी झालेली. सिस्टरला बघून तिने सूप खाली ठेवलं. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

"काकी," प्रिस्किला म्हणाली, "रंजिता माहेरी गेली होती ना?"

"कुठलं माहेर. झोपडीत होती. माझ्याबरोबर." रेवाबाई सरळ बोलली, लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. "तू दवाखाना म्हणालीस, पोरगा घाबरला. म्हणाला, बाळंत होईपर्यंत लपवू, मग बघू. तो गुजरातेत निघून गेला. मी आणि ती, दोघीच. त्या दिवशी सकाळी म्हणाली, डोकं दुखतं. मी तेल चोळलं. पोटुशी बाईचं डोकं दुखतंच, माझंही दुखायचं. थोड्याच वेळात तिची शुद्ध गेली आणि मग ते सुरू झालं. ती तिची भाषा नव्हती. तिच्या तोंडून दुसरंच कुणीतरी बोलत होतं. मी खाली पळत येऊन बुध्या भगताला आणलं. तो बिचारा बराच वेळ ऐकत बसला. म्हणाला, हे वारं माझ्या ओळखीचं नाही, माझ्याच्याने उतरणार नाही."

"काय बोलत होती ती?"

रेवाबाईने तिच्याकडे पाहिलं. "तुला माहीत नाही? तूच दिलेलं होतं ना?"

आणि रेवाबाईने ते म्हणून दाखवलं. तिला त्या पुस्तकी मराठीचा एक शब्द कळत नव्हता. पण दिवसभर कानावर पडलेलं, आणि नंतरचे दोन महिने एकटी असताना पुन्हा पुन्हा ऐकू आलेलं, ते तिच्या जिभेवर आवाजासकट बसलं होतं. तिने आधी घसा खाकरला. मग म्हणाली, "तीव्र डोकेदुखी." मग थांबली, जेवढं थांबायचं तेवढंच. "दृष्टी अंधुक होणे. चेहऱ्यावर व हातापायांवर सूज. पोटाच्या वरच्या भागात वेदना. यापैकी एकही लक्षण आढळल्यास गरोदर स्त्रीस त्वरित रुग्णालयात न्यावे."

तिचा स्वतःचा आवाज होता तो. वसतिगृहात घोटलेला, कारकुनाने वाखाणलेला. तो रंजितात गेला होता आणि रंजितातून या बाईत आला होता, आणि या सगळ्या वाटेत त्याचा अर्थ कुणालाच पोचला नव्हता. शाळेत ज्या भाषेत बोललं की मोठी माणसं ऐकतात, ती भाषा पोरीने शुद्ध हरपल्यावर काढली होती. ऐकायला समोर सासू होती, तिला ते भूत वाटलं.

"काय शिव्याशाप आहेत ते?" रेवाबाईने विचारलं. "मला म्हणत होती का? मी तिचं काही वाईट केलं नव्हतं. मला खरं सांग."

आता पंचाईत झाली. सांगावं तर या बाईच्या उरलेल्या आयुष्याचं काय? पोरगी तुझ्यापाशी जीव मागत होती आणि तू भगत आणलास, हे कुणी कुणाला सांगावं का? देवाची प्रार्थना होती, येशूचं नाव होतं, असं काहीतरी ठोकून दिलं असतं तर रेवाबाई सुखाने नाही, पण निदान मरेपर्यंत जगली असती. आणि न सांगावं तर गावात तो मंत्रच राहणार, शाळा भुताचीच राहणार, आणि काजल दोन दिवसांत डोंगरापलीकडे जाणार. एक कोंबडी येऊन उडदाच्या सुपात चोच मारून गेली तरी दोघींपैकी कुणी हुसकली नाही.

मग तिने सांगितलं. घरच्या बोलीत, एकेक वाक्य सुटं करून.

"माझं डोकं फुटतंय, असं म्हणत होती. मला नीट दिसत नाही, असं म्हणत होती. माझं तोंड सुजलंय, हातपाय सुजलेत. इथे, छातीखाली दुखतंय." ती थांबली. "मला दवाखान्यात न्या. लगेच न्या."

रेवाबाई म्हणाली, "शेवटचं पुन्हा म्हण."

"मला दवाखान्यात न्या."

"ते ती सगळ्यात जास्त वेळा म्हणाली," रेवाबाई म्हणाली.

पुढे किती वेळ गेला ते प्रिस्किलाला सांगता येत नाही. तिला एवढंच आठवतं की आपण खाली मातीत बसलो आणि बोलत सुटलो. "मला आपली बोली येते, काकी. तुझ्याइतकीच येते. या बोलीत शिकवलं असतं तर तिने या बोलीत म्हटलं असतं. मला लाज वाटायची. शाळेत बोलीत बोलायची मला लाज वाटायची." रेवाबाईने तिला जवळ घेतलं नाही, आणि दोषही दिला नाही. ती उठून घरात गेली आणि दार आतून लावून घेतलं. आत रडण्याचा आवाज नव्हता. तो असता तर प्रिस्किलाला जरा बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्चमधून परतताना प्रिस्किलाला छबूबाईच्या अंगणात बायका जमलेल्या दिसल्या. मध्ये रेवाबाई उभी होती. ती ओरडत नव्हती. नेहमीच्या आवाजात, बाजारात काय भाव होता ते सांगावं तसं सांगत होती. माझी सून अशी मेली. ती मला सांगत होती आणि मला कळलं नाही. तुम्हाला कळावं म्हणून सांगते. मग तिने डोक्याला हात लावून, डोळ्यांना हात लावून, सुजलेले पाय दाखवून, बोलीत सगळं सांगितलं. एक बाई म्हणाली, पण वाटेवर राई आहे. रेवाबाई म्हणाली, "तिला काय वेचायचं ते वेचू दे. माझी सून आहे ती. ती कुणाच्या पोटाला लागायची नाही, कुणाला वाचवायलाच येईल."

छबूबाई झोपडीत गेली नाही. पोरीला शाळेत पाठवायला की दवाखान्यात न्यायला मात्र तयार होईना. तेव्हा सिस्टरनेच वर्ग उचलून छबूबाईच्या अंगणात आणला. तक्ता शाळेतच राहिला. पहिल्या दिवशी कोकणीत बोलताना तिची जीभ अडखळली. गोळी, लिंबू, सूज हे सोपं होतं, पण शरीराचे जे शब्द तिने आयुष्यभर फक्त पुस्तकी मराठीत उच्चारले होते ते आईच्या भाषेत उच्चारताना तिला घाम फुटला. बायका हसल्या. या वेळी ते हसणं तिने चालवून घेतलं. रेवाबाई दर वेळी यायची, कडेला बसायची, सिस्टरशी एक अक्षर बोलायची नाही.

गुरुवारी दुपारी काजल भांडी घासता घासता खाली बसली. म्हणाली, डोकं दुखतंय. छबूबाई तेलाची बाटली आणायला आत वळली, आणि आतच थांबली. बाटली न घेता बाहेर आली आणि रस्त्यावर जाऊन तिने अशी बोंब ठोकली की शाळेतून पाटील सर धावत आले. रुग्णवाहिका लांबच्या गावाला गेलेली होती. सरांनी आपली गाडी काढली. मागच्या सीटवर काजल, तिच्या एका बाजूला सिस्टर. दुसऱ्या बाजूला छबूबाई बसणार तोच तिला घेरीच आली. तिच्या जागी न विचारता रेवाबाई चढून बसली.

गाडी फाटकावरून गेली, राईच्या फुलांवरून गेली. काजलला डोळ्यांपुढे दिसेनासं झालं होतं. ती हाताने चाचपडत होती आणि तो हात रेवाबाईने धरून ठेवला. सर आरशातून मागे बघत म्हणत होते, "घाबरू नको बेटी, आते पोहचसूत, आते पोहचसूत." नंदुरबारच्या वाटेवरची विसरवाडी गेली तरी ते तेच म्हणत होते.

काजल वाचली. हे इथेच सांगून टाकलेलं बरं, कुणाचा जीव टांगणीला लावून गोष्ट रंगवण्यात काही शहाणपण नाही. तिला मुलगी झाली, वेळेआधी झाली म्हणून पेटीत ठेवावी लागली, पण जगली. पोलीसही आले. त्यांनी जबाब घेतला, गोकुळला बोलावलं, त्याचं पुढे जे व्हायचं ते कायद्याने होईल. वर्गाचं म्हणाल तर फेब्रुवारीत मुली पुन्हा प्रयोगशाळेत यायला लागल्या, आणि आता वर्ग कोकणीत चालतो. सिस्टरचे कान मात्र सुधारलेले नाहीत. वर्गात शिकवता शिकवता ती अजून मध्येच दाराकडे बघते.

पण सांगायचं आहे ते त्या गुरुवारचं, दवाखान्यात पोचल्यावरचं.

सर गाडी लावत होते. काजलला ढकलखुर्चीत घालून आत नेलं, रेवाबाई तिचा हात न सोडता बरोबर गेली. प्रिस्किला मागे राहिली, तिला खिडकीवर नाव घालायला थांबवलं होतं. ती धावत आतल्या खोलीशी आली तेव्हा एक तरुण डॉक्टरीण काजलच्या दंडाला पट्टा बांधत होती आणि रेवाबाईला मराठीत विचारत होती, "आजी, काय होतंय हिला? केव्हापासून होतंय?" काजलला बोलता येत नव्हतं. रेवाबाई भिंतीला टेकून उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्या दवाखान्यात आलेली, भोवती सगळे परक्या भाषेत बोलणारे.

तिने घसा खाकरला.

"तीव्र डोकेदुखी," रेवाबाई म्हणाली. थांबली. "दृष्टी अंधुक होणे. चेहऱ्यावर व हातापायांवर सूज. पोटाच्या वरच्या भागात वेदना."

डॉक्टरीण चमकून वळली. पट्ट्यावरचा आकडा बघितला, आणि मग एकदम खोलीत पळापळ झाली. कुणी इंजेक्शन आणायला धावलं, कुणी काजलला खाटेवर घेतलं. ते चालू असतानाच, हात न थांबवता, डॉक्टरीण म्हणाली, "बरं झालं लगेच आणलंत. तुम्हाला हे कुणी सांगितलं, आजी?"

एवढं रेवाबाईला कळलं.

"रंजिता," ती म्हणाली.

"त्या बरोबर आल्यात का? त्यांना आत बोलवा, मला विचारायचंय." डॉक्टरिणीने दारातल्या वॉर्डबॉय मामांना खूण केली.

प्रिस्किला दारातच होती. ती सांगायला पुढे झाली. मामा तिला बाजूला सारून बाहेर गेले आणि माणसांनी भरलेल्या लांब व्हरांड्यात उभे राहून त्यांनी मोठ्याने हाक मारली, "रंजिता कोन शे? रंजिता! बाई बलाई ऱ्हायन्यात!"

रेवाबाई दाराकडे बघत राहिली.